डांबराखालची काळी माती

मे महिन्यात वऱ्हाडातल्या किंवा मराठवाड्यातल्या काळ्या रानात भेगा इतक्या रुंदावतात की हात सहज आत जातो. मृगाचे चार चांगले पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात आणि जमीन फुगून वर येते. ओल धरणारी ही माती कापसाला, तुरीला मानवते. रस्त्याचा पाया मात्र तिच्यावर टिकत नाही.

दख्खनचा बेसाल्ट झिजून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचा एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा. दोन पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते दूर सरतात, वाळले की जवळ येतात. माती किती फुगेल हे पाहण्याची चाचणी फार सुंदर आहे. दहा-दहा ग्रॅम कोरडी माती दोन नळ्यांत घ्यायची. एकीत पाणी घालायचे, दुसरीत रॉकेल. रॉकेल पापुद्र्यांत शिरत नाही, म्हणून तिथली माती तेवढीच राहते. चोवीस तासांनी पाण्यातली माती तिच्यापेक्षा निम्म्याने जास्त फुगलेली दिसली, तर तिथे साधा रस्ता बांधू नये.

डांबराखालची मधली माती वर्षभर सारखीच ओलसर राहते; कडेची मात्र दर ऋतूत भिजते, सुकते. म्हणून पहिली लांबलचक भेग बहुधा कडेने पडते. तीतून पाणी आत जाते आणि भिजलेली माती ट्रकचे वजन पेलत नाही. अशा रस्त्यावर दरवर्षी नवा डांबराचा थर चढवणे म्हणजे पैसा मातीत घालणे आहे, आणि ते आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत.

खालची मातीच बदलायला हवी. पूर्वीपासूनचा उपाय म्हणजे ती खणून काढून मुरूम भरणे. पण मुरमासाठी टेकड्या किती पोखरायच्या? दुसरा उपाय चुन्याचा. वजनाच्या तीन ते सहा टक्के चुना मिसळला की त्यातल्या कॅल्शियममुळे बारीक कण एकमेकांना धरून गोळा होतात. चिकट चिखल काही तासांतच भुसभुशीत, रोलरखाली नीट दबणारा होतो. पुढे अनेक आठवडे मातीतली सिलिका आणि अल्युमिना चुन्याशी संयोग पावून सिमेंटसारखे बंध तयार करतात. कोराडी, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांतली राखही चुन्यासोबत या कामी येते. चुन्याआधी सल्फेट मात्र तपासलेच पाहिजे. ते जास्त असेल तर एट्रिंगाइटचे स्फटिक वाढतात आणि माती उलट अधिकच फुगते.

आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी वेगळी वाट शोधली: फुगणाऱ्या मातीवर, न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा जाड थर दाबून बसवायचा. कालव्यांच्या कामांत ती उपयोगी पडली.

यातले काहीही केले तरी पाणी अडवावेच लागते. साइडपट्टी पक्की हवी, गटाराला उतार हवा आणि पावसाळ्याआधी ते उपसलेले हवे. रस्त्यालगत साचलेले डबके चुना घातलेल्या थराखालच्या कोऱ्या काळ्या मातीला भिजवतच राहते, आणि रस्ता पुन्हा कडेनेच फाटतो.