बेगमी, साठवण की साठेबाजी? शब्द चुकला की शेतकरीही आरोपी ठरतो

कांद्याचे भाव चढले की बातम्यांमध्ये एक शब्द हमखास येतो : साठेबाजी. व्यापाऱ्याच्या गोदामासाठी वापरलेला हा शब्द बघता बघता चाळीत कांदा राखून ठेवलेल्या शेतकऱ्यालाही चिकटतो. वास्तविक माल साठवणे आणि साठेबाजी करणे यांत भाषेनेही फरक केला आहे आणि कायद्यानेही.

'साठा' हा तसा निरुपद्रवी शब्द. धरणात पाणीसाठा असतो, रुग्णालयात औषधसाठा. धरणातले जे पाणी नेहमीच्या मार्गाने बाहेर सोडता येत नाही, तो मृतसाठा. यात कोणाची निंदा नाही. पण मागे 'बाजी' लागली की अर्थ फिरतो. फारसीत बाजी म्हणजे खेळ. मराठीत मात्र सट्टेबाजी, चालबाजी, भाषणबाजी अशा शब्दांतून ती बहुधा नापसंतीच घेऊन येते. (क्रिकेटमधली फटकेबाजी हा सन्माननीय अपवाद!)

कायदा काय म्हणतो?

जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा. त्याआधारे सरकार एखाद्या वस्तूच्या साठ्यावर मर्यादा घालू शकते. सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्यासाठी अशी मर्यादा आली : किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटल, घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल. मर्यादा व्यापाऱ्यांना होती, शेतकऱ्याच्या चाळीला नव्हती.

उन्हाळ कांदा साधारण मार्च ते मे या काळात निघतो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत चाळीत राहतो. या काळात त्याचे वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. हे नुकसान शेतकऱ्याच्याच माथी. भाव बरा मिळेल या आशेने तो थांबतो हे खरे. पण स्वतः पिकवलेला माल राखण्याला मराठीत 'साठवणूक' हा सरळ शब्द आहे, तोच वापरायला हवा. भाव वाढावेत म्हणून मर्यादेबाहेर माल दडवणे ती साठेबाजी. आणि नियम मोडून चढ्या दराने चोरून विकणे हा काळाबाजार. बातम्यांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

घरातली बेगमी

घरासाठी केलेल्या साठवणुकीला मराठीत फार गोड शब्द आहे : बेगमी. त्याचा राणीच्या 'बेगम'शी संबंध नाही. फारसी 'बे' म्हणजे विना, 'गम' म्हणजे दुःख, चिंता. बेगमी म्हणजे मुळात निश्चिंती, आणि मग ती निश्चिंती देणारी तरतूद. म्हणून पावसाळ्याची बेगमी होते, वर्षाच्या धान्याची होते. गोदामातल्या दडवलेल्या डाळीला मात्र बेगमी म्हणवत नाही.

गोव्यात हेच काम 'पुरुमेंत' करते. शब्द पोर्तुगीजांकडून आला. मूळ 'प्रोव्हिमेंतु', म्हणजे तरतूद. पाऊस लागण्याआधी मडगावच्या होली स्पिरिट चर्चपाशी पुरुमेंताचे फेस्त भरते. सुकी मासळी, मिरची, चिंच, आमसुले अशी चार महिन्यांची खरेदी तिथे होते.

रसद आणि शिधा हेही याच घराण्यातले, पण त्यांत साठवण्यापेक्षा पोहोचवणे महत्त्वाचे. रसद लष्कराची. पानिपतावर १७६०-६१ मध्ये मराठी फौजेची रसद तुटली आणि उपासमार झाली. आजच्या राजकीय बातम्यांत 'रसद पुरवली' म्हणजे पैसा किंवा छुपी मदत. शिधा म्हणजे न शिजवलेले अन्नसाहित्य, त्यावरूनच शिधापत्रिका. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल शंभर रुपयांत दिले, त्यालाही नाव मिळाले 'आनंदाचा शिधा'.

साठवणीच्या जागांची नावे मात्र झपाट्याने विस्मरणात चालली आहेत. बांबूची कणगी, वाड्यातले बळद, गडावरचा अंबरखाना. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातली गंगा, यमुना आणि सरस्वती ही कोठारे आजही पाहायला मिळतात. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती; २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. शहरी वाचकाला पेव आता वाक्प्रचारातच भेटते, कुठे क्लासेसचे 'पेव फुटते' तेव्हा.