कोळंबीचा मोदक

नाटे गावच्या मुलांना कोळंबीची ओळख करून द्यायला नको. राजापूर तालुक्यातलं हे गाव समुद्राला अगदी खेटून वसलंय. शेजारच्या साखरीनाटे बंदरात होड्या लागल्या की करडी, ओलीचिंब कोळंबी टोपल्यांतून उतरते. तिचं कालवण होतं, सुकं होतं, वाळवून सोडे होतात. पण हीच कोळंबी कुणी मोदकाच्या पारीत भरून उकडली तर? नाक मुरडू नका! दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात लोक सकाळच्या चहाबरोबर असाच एक पदार्थ आवडीने खातात. त्याचं नाव हार गाव.

सारण भरून उकडलेल्या अशा पदार्थांना डंपलिंग म्हणतात आणि चीनमध्ये त्यांची साधीसुधी, स्वस्त दुकानं गल्लोगल्ली असतात. फूज्यान प्रांतातल्या शाश्येन भागातल्या लोकांनी तर अशा हजारो छोट्या खाणावळी देशभर थाटल्या. चार टेबलं, भिंतीवर भावफलक, व्हिनेगरची बाटली आणि वाफाळत्या टोपल्यांची उतरंड, बस्स. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी डंपलिंग 'ल्यांग'वर मागवतात. एक ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम, आणि तेही फक्त पिठाचं वजन. सारण त्यात धरत नाहीत!

एवढ्या स्वस्तात कसं परवडतं? मला विचाराल तर मोठी करामत त्या उतरंडीची आहे. खाली एकच शेगडी आणि पाण्याचं एकच पातेलं. वाफ एका टोपलीतून वरच्या टोपलीत चढत जाते आणि एवढ्याशा इंधनात कितीतरी जणांचं खाणं शिजतं.

वाफेत एवढी ताकद येते कुठून? १ ग्रॅम पाणी ० अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला १०० कॅलरी उष्णता लागते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात! ही उष्णता वाफेत दडून राहते. वाफ गार पारीला टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि दडलेली उष्णता पारीला मिळते. पारी पातळ, सारण बारीक, त्यामुळे काही मिनिटांत काम फत्ते. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो तो याचमुळे. मोदकपात्राचं झाकण उघडताना आजी उगाच तोंड मागे घेत नाही.

आता पारीकडे वळू. गव्हाच्या पिठात साधं पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांची लवचिक जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. म्हणून पोळी न फाटता लाटता येते. तांदळात ग्लुटेन नसतं. त्याचं पीठ गार पाण्यात कालवून पारी करायला गेलात तर ती लगेच तडकते. मग आजी काय करते? पाण्याला उकळी आणते, त्यात मीठ, तूप आणि पीठ घालते, झाकण ठेवून वाफ काढते आणि उकड गरम असतानाच मळते. साधारण ७० अंशांच्या आसपास पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि एकमेकांना धरून ठेवतात.

आणि हार गावची पारी? त्यासाठी गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन धुऊन काढून टाकतात आणि उरलेला स्टार्च घेतात. त्यात साबुदाणा ज्याचा बनतो तो टॅपिओकाचा स्टार्च मिसळतात आणि वरून ओततात उकळतं पाणी. म्हणजे ही उकडच झाली की! हजारो किलोमीटर दूर राहणाऱ्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या स्वयंपाकघरांना एकच युक्ती सुचली, याचं मला फार नवल वाटतं.

हार गाव उकडलं की पारी अर्धपारदर्शक होते, कारण फुगलेल्या स्टार्चमधून प्रकाश बराचसा आरपार जातो. खीर शिजताना साबुदाण्याचे पांढरे दाणे असेच बदलतात. त्या पारीतून आतली कोळंबी दिसते, पण आता करडी नाही, गुलाबी! तिच्यात अ‍ॅस्टाझॅन्थिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. कच्च्या कोळंबीत प्रथिनं त्याला जखडून ठेवतात, त्यामुळे त्याचा लाल रंग दिसत नाही. उष्णतेने ती पकड सुटते आणि रंग खुलतो.

घरी करून बघा. दोन वाट्यांत तांदळाचं पीठ घ्या. एकीत गार पाणी घाला, दुसरीत मोठ्या माणसाकडून उकळतं पाणी घालून घ्या आणि ती थोडा वेळ झाकून ठेवा. दोन्ही गोळे मळा, पाऱ्या करा आणि कळ्या पाडा. कोणती पारी टिकते? टिकली तिच्यात गूळखोबरं भरायचं की कोळंबी, ते घरच्यांना विचारून ठरवा.