लाटांचे गणित (लेखांक ७) : नंदीची शिंगे आणि त्रिकोणांची जाळी

तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडु आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी (राज्यकाळ १७९८–१८३२) तिथे मुक्तांबाळ नावाच्या स्त्रीच्या नावाने छत्र (धर्मशाळा) बांधले. वाटसरूंना जेवण मिळे, मुलांना शिक्षण. याच राजांच्या तंजावरच्या संग्रहात हवेचा पंप होता, घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्रही होते. युरोपीय पाहुण्यांनी तशी नोंद ठेवली आहे. असल्या यंत्रांचे धातूचे भाग गोलसर घडवत, कारण टोकाशी विद्युतभार दाटतो आणि हवेत निसटतो. विद्युतचुंबकी गणनपद्धतींवर पीएचडी करणाऱ्याची झोप आजही ही टोकेच उडवतात.

धातूच्या गोळ्यावर रेडिओलहर आदळली तर ती कशी विखुरते, याचे नेमके उत्तर गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्येच दिले. म्हणून नवा प्रोग्राम आधी गोळ्यावर तपासतात. इथे चुकला तर पुढचे सगळे फोल. आता तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासमोरच्या नंदीची लहानशी पंचधातूची प्रतिकृती घ्या. शिंगे, कान, गळ्यातल्या घंटा. याला सूत्र नाही.

मग पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांत तोडतात. लहर धातूत प्रवाह जागवते, ते प्रवाह पुन्हा लहरी सोडतात. पृष्ठभागाला समांतर असलेले विद्युतक्षेत्र एकूण शून्य व्हावे, एवढ्या अटीवरून प्रवाह शोधायचे. पण त्रिकोणांच्या सांध्यावर काय करायचे? सदाशिव राव यांनी मिसिसिपी विद्यापीठातील पीएचडीच्या संशोधनात ही गाठ सोडवली. विल्टन आणि ग्लिसन यांच्यासह त्यांचा निबंध १९८२ मध्ये आला. त्यांनी अज्ञात राशी त्रिकोणाला न जोडता दोन त्रिकोणांच्या सामाईक कडेला जोडली. कावेरीच्या खोऱ्यात एका वाफ्यातून बांध फोडून जेवढे पाणी सोडावे तेवढेच शेजारच्या वाफ्यात उतरते, तसा प्रवाह कड ओलांडतो. कडेवर विद्युतभार साठून राहत नाही. कल्पना इतकी साधी, की आधी कुणाला कशी सुचली नाही असे वाटते. मला तरी प्रबंधाची खरी कसोटी अशाच साधेपणात दिसते.

ही रीत एका ठिकाणी मात्र अडखळते. वारंवारता फार कमी केली की समीकरणे डळमळतात. म्हणजे सरफोजींच्या यंत्रातली स्थिर वीज या आधुनिक प्रोग्रामला जड जाते! त्यावरचे उपाय हाही प्रबंधांचा एक जुना विषय.

दुसरी अडचण आकाराची. ३ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १० सेंटिमीटर. त्रिकोणाची बाजू तिच्या दहाव्या हिश्श्याएवढी, १ सेंटिमीटर ठेवतात. नंदीचा पृष्ठभाग १ चौरस मीटर धरला तर सुमारे २३ हजार त्रिकोण आणि ३५ हजार कडा होतात. प्रत्येक कडेचा प्रवाह इतर प्रत्येक कडेवर परिणाम करतो, त्यामुळे मॅट्रिक्समध्ये सव्वाशे कोटींच्या आसपास संख्या, मेमरी सुमारे २० जीबी. वारंवारता दुप्पट करा : मेमरी सोळापट, आणि सरळ सोडवायला गेलात तर वेळ चौसष्टपट. नवा संगणक घेऊन हे भागत नाही.

तोड निघाली ती येल विद्यापीठात. लेस्ली ग्रीनगार्ड यांनी १९८७ च्या पीएचडी प्रबंधात, व्लादिमीर रोखलिन यांच्यासोबत काम करताना, दूरच्या भारांचा परिणाम एकेक न मोजता गटागटाने मोजायची रीत मांडली. रोखलिन यांनी पुढे ती लहरींसाठीही वापरली. हे गट पाडायचे कसे आणि किती दूर म्हणजे दूर, हे पुढच्या आठवड्यात.