पिशवीवर ७० टक्के, पण वावरात किती? पेरणीआधी शंभर दाणे उगवून बघा

छत्रपती संभाजीनगर : मृग जवळ आला की बियाण्याची धावपळ सुरू होते. खताची, पावसाची चौकशी सगळे करतात. पण घेतलेलं बी उगवेल का, हे फार थोडे जण तपासतात.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. माझं स्वतःचंही दोन एकर त्या साली मोडलं. दुबार पेरणीला बी, डिझेल, मजुरी सगळं पुन्हा लागलं आणि हंगाम मागे पडला तो वेगळाच.

प्रमाणित बियाणे बाजारात येण्याआधी त्याची प्रयोगशाळेत चाचणी होते. सोयाबीनसाठी उगवण किमान ७० टक्के लागते. म्हणजे शंभरातले तीस दाणे उगवले नाहीत तरी ते बी नियमात बसतं. शिवाय ही चाचणी मोजून दिलेल्या ओलीत अन् ठरलेल्या तापमानात होते. त्यानंतर पिशवी गोदामात, ट्रकमध्ये, दुकानात फिरते. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पिशवी आपटली, थप्पीखाली दबली, उन्हात तापली की उगवणशक्ती घटते. म्हणून टॅगवरची चाचणीची तारीख अन् वैध मुदत आधी वाचा.

घरची चाचणी सोपी आहे. सगळ्या पिशव्यांतून थोडं-थोडं बी घेऊन मिसळा. त्यातले शंभर दाणे न निवडता मोजा. चांगले दाणे वेचून घेतले तर आपणच आपल्याला फसवलं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा अन् सावलीत ठेवा. ओल टिकवा, पाणी साचू देऊ नका. सात-आठ दिवसांनी उघडून मूळ अन् कोंब दोन्ही धड असलेलेच मोजा. नुसते फुगलेले, कुजलेले, वाकडे धरू नका.

सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो बी पुरतं. ६५ निघाले तर साधारण साडेबत्तीस, ६० निघाले तर ३५ किलो लागेल. त्याहून कमी निघाले तर ते बी पेरण्यापेक्षा बदललेलं बरं. घरचं बी असेल तर ही चाचणी जास्तच गरजेची, कारण त्याला टॅग नसतो.

बी चांगलं असूनही घाईत पेरलं तर वाया जातं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, तीन-चार सेंटिमीटर खोल पेरा.

पावती, टॅग, रिकामी पिशवी अन् मूठभर बी जपून ठेवा. उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी तक्रार द्या. वावर मोडल्यावर पंचनाम्याला काही उरत नाही.

आठ दिवस अन् एक गोणपाट, एवढाच खर्च आहे.