हिरड्यांतून बोलणारी साखर

ब्रशला रक्त लागलं की आपण ब्रश बदलतो. साखर तपासावी असं क्वचितच सुचतं. मधुमेहींना हिरड्यांचा गंभीर आजार होण्याचा धोका जवळपास तिप्पट असतो, आणि हे नातं दुहेरी आहे. वाढलेल्या साखरेने जंतूंशी लढण्याची ताकद घटते, जखमा रेंगाळतात. उलट हिरड्यांतल्या सुजेचे परिणाम रक्तावाटे शरीरभर पसरून इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. यावर आक्षेप आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हिरड्यांवर उपचार करूनही साखर उतरली नाही. मात्र त्या रुग्णांच्या दातांवर नंतरही जंतूंचा बराच थर उरला होता, म्हणजे इलाजच अपुरा होता, अशी टीका झाली. अनेक चाचण्या एकत्र पाहणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप) ०.४ अंकांनी उतरलेलं दिसतं. गोळ्या सोडाव्यात इतकं हे मोठं नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकं लहानही नाही.

राहिली आपल्याकडची लाडकी शंका: दंतवैद्याकडून दात साफ केले की ते हलतात. ते आधीच सैल झालेले असतात. कीटणाने फक्त ते सैलपण झाकलेलं असतं. म्हणून दंतवैद्याला आपला मधुमेह सांगावा, आणि साखरेच्या डॉक्टरांना हिरड्यांतलं रक्त.