स्वनिर्मित विद्युत पर्वतीय सायकल

स्वनिर्मित विद्युत पर्वतीय सायकल म्हणजे पर्वतीय सायकलच्या मूळ फ्रेममध्ये बदल करून, तिला विद्युत मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर जोडून तयार केलेली सायकल होय. कारखान्यात तयार झालेल्या विद्युत सायकलची फ्रेम प्रारंभापासूनच मोटरचा भार गृहीत धरून आखलेली असते. स्वनिर्मित सायकलमध्ये मात्र केवळ पेडलसाठी बनलेल्या फ्रेमवर हा भार नंतर लादला जातो. त्यामुळे मोटर बसवणे तुलनेने सोपे असले, तरी अशी सायकल कितपत सुरक्षित आहे हे मुख्यत्वे फ्रेमच्या बदलावर अवलंबून असते.

इतिहास

विद्युत सायकलची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेत अशा सायकलचे पेटंट मिळाले. त्यांच्या आराखड्यात मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, तर बॅटरी फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात होती. आजही बहुतेक स्वनिर्मित सायकलींची मांडणी अशीच असते.

पर्वतीय सायकलचा उगमही फेरफार केलेल्या सायकलींतूनच झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीमधील तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकलींना गिअर व चांगले ब्रेक बसवून टॅमलपाइस पर्वताच्या उतारांवरून चालवत असत. १९७६ मध्ये तेथे ‘रीपॅक’ ही उतारावरील शर्यत सुरू झाली. जुन्या फ्रेम या वापरात टिकत नाहीत असा अनुभव आल्याने जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली. पुढे १९९३ मध्ये यामाहा कंपनीने जपानमध्ये ‘पास’ ही सायकल बाजारात आणली. पेडलवरील जोर मोजून त्या प्रमाणात मोटरचे साहाय्य देण्याची पद्धत तिच्यामुळे रूढ झाली.

शक्तीचे गणित

चालक व सायकल यांचे एकत्रित वस्तुमान ११० किलोग्रॅम, चढ ८ टक्के आणि वेग ताशी १२ किलोमीटर धरल्यास गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी सुमारे २९० वॅट शक्ती लागते. कच्च्या रस्त्यावरील टायरचे घर्षण धरता ही गरज सुमारे ३४० वॅटपर्यंत जाते. सर्वसाधारण प्रकृतीच्या व्यक्तीला एवढी शक्ती दीर्घकाळ देता येत नाही. २५० वॅटच्या मोटरचे साहाय्य असल्यास चालकाला उरलेले ९० वॅटच द्यावे लागतात. म्हणजेच कायद्याने घातलेल्या मर्यादेतील मोटर बहुतेक चढांसाठी पुरेशी ठरते.

मोटरची जागा

मोटर बसवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत.

हब मोटर चाकाच्या मध्यभागी असते. ती बसवणे सोपे असून तिचा चेनवर ताण येत नाही. मात्र ३ ते ४ किलोग्रॅम वजन चाकात गेल्याने खडबडीत वाटेवर धक्के अधिक बसतात. मंद वेगाने दीर्घ चढ चढताना ती लवकर तापते.

मध्य मोटर क्रँकच्या जागी बसते आणि तिची शक्ती सायकलच्या गिअरमधून चाकाकडे जाते. त्यामुळे चढावर ती अधिक कार्यक्षम असते व वजनही मध्यभागी राहते. परंतु चेन व मागील दातेरी चक्रे लवकर झिजतात.

फ्रेममधील बदल

आसाच्या खाचा: हब मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा तेवढाच पीळ तिच्या आसावर उलट दिशेने येतो. साध्या सायकलमध्ये हा पीळ नसतो. मोटरच्या आसाच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर साधारण १० मिलिमीटर असते. ४० न्यूटन-मीटरचा पीळ एकाच खाचेवर आल्यास तिच्या कडांवर ४,००० न्यूटनांहून अधिक, म्हणजे ४०० किलोग्रॅम वजनाहून जास्त बल पडते. खाच रुंदावली की आस फिरतो, मोटरच्या तारा तुटतात आणि चाक निसटू शकते. हे टाळण्यासाठी आसावर पोलादी टॉर्क आर्म बसवून तो फ्रेमच्या नळीला घट्ट बांधतात. पुढच्या चिमट्यात, विशेषतः ॲल्युमिनियमच्या चिमट्यात, हब मोटर बसवणे यामुळेच धोकादायक मानले जाते.

बॅटरीसाठी जागा: बॅटरी मधल्या त्रिकोणात ठेवल्यास वजन खाली व मध्यभागी राहते. धक्काशोषक असलेल्या फ्रेममध्ये ही जागा अपुरी पडते. तेव्हा काही जण खालची नळी कापून तेथे पत्र्याची पेटी जोडतात. खालची नळी ही हँडलकडून येणारे धक्के आणि ब्रेक लावताना येणारा ताण पेलणारा मुख्य भाग असल्याने हा बदल सर्वांत जोखमीचा आहे. पेटी ही केवळ डबा नसून काढलेल्या नळीची जागा घेणारा भारवाहक भाग आहे, असे समजूनच तिची रचना करावी लागते.

मागील रुंदी: बहुतेक हब मोटरींना मागे १३५ मिलिमीटर रुंदी लागते. पोलादी फ्रेमचे मागील दांडे थंड अवस्थेत काही मिलिमीटर रुंदावता येतात. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर असा प्रयोग केल्यास भेगा पडण्याची शक्यता असते.

धातू व वेल्डिंग

फेरफार करण्यासाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची फ्रेम सर्वांत सोयीची असते. पोलादाला ताणाची एक अशी मर्यादा असते, की तिच्या आत कितीही वेळा भार आला तरी भेग पडत नाही. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नसते. शिवाय ६०६१-टी६ या प्रचलित मिश्रधातूला वेल्डिंगची उष्णता लागताच सांध्यालगतची ताकद सुमारे निम्म्यापर्यंत घटते. पुन्हा उष्णता-प्रक्रिया केल्याशिवाय ती परत येत नाही. कार्बन तंतूंच्या फ्रेममध्ये कापणे किंवा भोके पाडणे पूर्णतः वर्ज्य आहे.

सायकलच्या पोलादी नळीची जाडी बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास असते. ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा लोखंडी दरवाजे जोडण्यासाठी वापरले जाणारे साधे आर्क वेल्डिंग तेथे सहज भोक पाडते. त्यामुळे टिग वेल्डिंग किंवा पितळी झाळकाम अधिक योग्य ठरते. वेल्डिंग करताना बॅटरी, मोटर व कंट्रोलर सायकलवरून काढून ठेवणे आवश्यक असते.

बॅटरी व नियंत्रण

३६ व्होल्टच्या बॅटरीत लिथियम-आयन घटांचे दहा गट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक गटात २.५ अँपिअर-तासांचे चार घट असल्यास एकूण ४० घट होतात आणि क्षमता ३६० वॅट-तास मिळते. दर किलोमीटरला १० ते १५ वॅट-तास खर्च धरल्यास अशी बॅटरी २४ ते ३६ किलोमीटर चालते. पूर्ण भारित असताना तिचे विभवांतर ४२ व्होल्ट असते. प्रत्येक गटाचे विभवांतर तपासून अतिभार व अतिनिचरा रोखणारे मंडल तसेच बॅटरीलगतचा फ्यूज या दोन गोष्टी अनिवार्य समजल्या जातात. घटांना थेट डाक देणे टाळून निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडतात, कारण डाक देताना लागणाऱ्या उष्णतेने घटाच्या आतील पडदा खराब होऊन पुढे आग लागू शकते.

ब्रेक ओढताच मोटर बंद करणारा खटका आणि पेडल थांबताच साहाय्य तोडणारा संवेदक हे नियंत्रण व्यवस्थेचे आवश्यक भाग आहेत.

मराठवाड्यातील परिस्थिती

समर्थ रामदासांचे जन्मगाव असलेले जांब समर्थ (तालुका घनसावंगी, जिल्हा जालना) हे दख्खनच्या पठारावरील गाव आहे. या भागात उंच डोंगर नसले, तरी शेतात जाणाऱ्या कच्च्या पाणंद रस्त्यांवर पर्वतीय सायकलचे रुंद टायर आणि हलके गिअर उपयोगी पडतात. स्थानिक परिस्थितीमुळे रचनेत काही गोष्टींची विशेष काळजी घ्यावी लागते.

पावसाळ्यात काळी माती टायरला चिकटून फ्रेम व चिमट्यात साचते आणि चाक अडते. म्हणून टायर व फ्रेम यांत पुरेशी मोकळी जागा ठेवावी लागते. मडगार्ड उंच लावतात, तर तारांचे सांधे जलरोधक करतात. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. बहुतेक लिथियम-आयन घट ४५ अंशांपर्यंतच भारित करण्यायोग्य असतात. उन्हात उभ्या सायकलची बंद पेटी ही मर्यादा सहज ओलांडते. त्यामुळे बॅटरी काढता येईल अशी ठेवून ती सावलीत, थंड झाल्यावर भारित करणे इष्ट ठरते.

जालना शहर बांधकामाच्या पोलादी सळयांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. तथापि सळई भरीव व वजनदार असते. कमी वजनात पीळ पेलण्याचे काम पोकळ नळीच अधिक चांगले करते. म्हणून फ्रेमच्या दुरुस्तीसाठी सळईचे तुकडे वापरणे योग्य नाही.

कायदेशीर स्थिती

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार, पेडल-साहाय्य सायकलच्या मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल आणि ताशी २५ किलोमीटर वेगाला, किंवा पेडल थांबताच, साहाय्य बंद होत असेल, तर ती मोटार वाहन मानली जात नाही. सायकलला योग्य ब्रेक आणि परावर्तक असणेही आवश्यक आहे. उत्पादकांच्या वाहनांची तपासणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याच्या एआरएआयचा समावेश होतो.

ही मर्यादा ओलांडल्यास सायकल मोटार वाहन ठरते आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार नोंदणी, विमा व चालक परवाना लागतो. मर्यादेमागे भौतिक कारणही आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ताशी २५ वरून ४० किलोमीटर झाल्यास ब्रेकना सुमारे अडीचपट ऊर्जा शोषावी लागते.

चाचणी व देखभाल

आयएसओ ४२१० या मानकानुसार पर्वतीय सायकलच्या फ्रेमवर पेडलच्या जागी १,२०० न्यूटनांचा भार १,००,००० आवर्तनांपर्यंत देऊन भेगा पडतात का हे पाहतात. घरगुती कार्यशाळेत अशी चाचणी शक्य नसते. त्यामुळे बदललेली सायकल प्रथम सपाट जागी, कमी वेगाने चालवून तपासतात. भेगा दाखवणारे रंगद्रव्य वापरून सांध्यांची ठरावीक काळाने पाहणी करतात. आसाचे नट व टॉर्क आर्म पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळतात. सांध्याजवळ रंगाला बारीक तडा दिसल्यास आतील धातूला भेग पडलेली असू शकते. अशा वेळी तपासणी होईपर्यंत सायकल वापरू नये.

हे सुद्धा पहा

सायकल
विद्युत वाहन
लिथियम-आयन बॅटरी
जांब समर्थ