चार चाकं, पाच माणसं आणि आंब्याची पेटी

घरात गाडी घ्यायचं ठरलं की मुलांना सनरूफ हवं असतं, आईला एसीची हवा मागच्या सीटपर्यंत यायला हवी असते आणि बाबांना ऑफिसातल्या कुणीतरी कानमंत्र दिलेला असतो, ‘घ्यायचीच तर चारही चाकांची घे!’ छोटी एसयूव्ही आणि तिच्यातली ही ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजेच एडब्ल्यूडी, यांच्याबद्दलच्या या काही चटपटीत गोष्टी. शोरूमच्या वाटेवर वाचा, सेल्समनला घाम फोडायला उपयोगी पडतील.

निघायला चार, थांबायला सगळ्यांनाच चार

एडब्ल्यूडीमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत जाते, त्यामुळे चिखलातून किंवा निसरड्या चढावर गाडी सहज निघते. ब्रेक मात्र साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. भर पावसात एक्स्प्रेसवेवर कचकन ब्रेक दाबला, तर एडब्ल्यूडी गाडी काही लवकर थांबणार नाही. तिथे सगळी भिस्त टायरवर असते, आणि एकेका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग असतो जेमतेम तळहाताएवढा. गंमत म्हणजे १९०३ मध्ये हॉलंडच्या स्पायकर कंपनीने पेट्रोलवर चालणारी फोर व्हील ड्राइव्ह गाडी बनवली, तेव्हा चारही चाकांना ब्रेकही देऊन टाकले होते. ती गाडी आजही हेग शहरातल्या लाउमन संग्रहालयात उभी आहे.

फूटपट्टीने पळवलेली सीट

सुझुकीची पहिली जिम्नी १९७० मध्ये आली. इंजिन अवघं ३५९ सीसीचं. जपानमध्ये छोट्या गाड्यांच्या सवलती हव्या असतील, तर लांबी ३ मीटरच्या आत ठेवावी लागे. मग स्टेपनी मागच्या दाराला टांगायची कशी? सुझुकीने ती गाडीच्या आतच, मागच्या एका सीटच्या जागी बसवली. लांबीचा नियम पाळला गेला आणि चौथ्या माणसाची जागा चाकाने घेतली!

आपली फूटपट्टी ४ मीटरची

आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पापासून ४ मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर छोट्या गाडीवर जीएसटी १८ टक्के आणि मोठीवर ४० टक्के, असा सरळ हिशेब झाला. ‘छोटी’ ठरायला लांबी ४ मीटरपर्यंत हवी आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १,५०० सीसीपर्यंत. आता मजा बघा. पाच दारांची जिम्नी आणि तीन दारांची थार, दोघींची लांबी अगदी सारखी, ३,९८५ मिलिमीटर. जिम्नीचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत. थारचं १.५ लिटरचं डिझेल इंजिन १८ टक्क्यांत बसतं, पण त्या थारची फक्त मागची दोन चाकं ओढतात. चारही चाकं ओढणारी थार हवी असेल, तर इंजिन मोठं घ्या आणि करही मोठा भरा.

पाच दारं, चार सीटा

भारतात पाच दारांची जिम्नी आली २०२३ मध्ये. दारं पाच असली तरी बसायला जागा चौघांनाच. सीटा उभ्या ठेवल्या तर डिकी २०८ लिटरची. आई, बाबा, दोन मुलं एवढ्यात ती भरते, आजी-आजोबा निघाले की रेल्वेचं तिकीट काढावं लागतं. तिकडे जपानमध्ये मात्र गुरुग्राममध्ये बनलेल्या याच गाडीवर लोकांच्या उड्या पडल्या. जानेवारी २०२५ च्या अखेरीस बुकिंग सुरू झालं आणि चार दिवसांत सुमारे ५०,००० ऑर्डर आल्या. शेवटी सुझुकीला बुकिंगच थांबवावं लागलं.

कोकणात बर्फ पडतो का?

मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि तिची जुळी बहीण टोयोटा हायरायडर, दोघी २०२२ मध्ये एडब्ल्यूडी घेऊन आल्या. त्यांच्या ऑलग्रिप यंत्रणेत ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार मोड आहेत. ‘रत्नागिरीत स्नो कशाला?’ म्हणून हसू नका. निसरड्या जागी चाकं उगाच गरगरू नयेत म्हणून हा मोड आहे, आणि जुलैतली लाल चिखलाची पाणंद त्याला चांगलीच चालते. लॉक मोड रुतलेली गाडी सावकाश बाहेर काढण्यापुरता वापरायचा. डांबरी रस्ता लागला की परत ऑटोवर.

एडब्ल्यूडी आणि फोर बाय फोर: बहिणी, पण सख्ख्या नव्हेत

जिम्नी आणि फोर बाय फोर थारमध्ये ‘लो रेंज’ असते. म्हणजे जास्तीचा एक गिअर, जो वेग घटवतो आणि ओढ वाढवतो. दगडधोंड्यांचा चढ चढायला तोच लागतो. ग्रँड व्हिटारासारख्या गाड्यांत तो नसतो. तिथे पुढची चाकं घसरायला लागली की एक क्लच आवळला जातो आणि मागच्या चाकांकडे ताकद जाते. चालकाला पत्ताही लागत नाही. पण रुतलेल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसलात, तर हा क्लच तापतो आणि स्वतःचा जीव वाचवायला यंत्रणा थोडा वेळ बंद पडते. मग खाली उतरून ढकला.

दोन्ही गुण एकत्र आणण्याचा मान रशियाच्या लाडा निवाकडे जातो. १९७७ ची ही छोटी गाडी कायम चारही चाकांवर चालायची, तिला लो रेंजही होता आणि सांगाडा मात्र साध्या मोटारीसारखा एकसंध. आजच्या छोट्या एसयूव्हींची ती थोरली आत्याच म्हणायची.

डिकीतून कापलेला कर

मागच्या चाकांना ताकद द्यायची तर गाडीखालून शाफ्ट न्यावा लागतो आणि मागे डिफरन्शियल बसवावं लागतं. ही जागा कुठून येते? तुमच्या सामानातून. रेनॉ डस्टरच्या साध्या मॉडेलची डिकी ४७५ लिटरची होती. २०१४ मध्ये एडब्ल्यूडी डस्टर आली, तिची भरली ४१० लिटर. गेली की आंब्याची पेटी! पण मोबदलाही मिळाला. एडब्ल्यूडी डस्टरचं मागचं सस्पेन्शन वेगळं, दोन्ही चाकांना स्वतंत्र होतं, त्यामुळे खड्ड्यांत मागच्या सीटवरची मंडळी कमी कुरकुरायची.

हायब्रिडवाल्यांनी हसू नये. ग्रँड व्हिटाराची डिकी साध्या पेट्रोलमध्ये ३७३ लिटरची, तर स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे २६५ लिटरची आहे.

सीट काढा, घरी ठेवा

जागेचं कोडं सर्वांत हुशारीने सोडवलं ते स्कोडा येतीने. भारतात ती २०१० मध्ये आली. चारही चाकं ओढणारी ही गाडी लांबीला जेमतेम सव्वाचार मीटर होती. मागच्या तीन सीटा सुट्ट्या, पुढेमागे सरकणाऱ्या, आणि हव्या तर उचलून घरात ठेवता येणाऱ्या. सगळ्या काढल्या की १,७६० लिटर जागा मोकळी. अर्धं बिऱ्हाड हलवा! एवढं असूनही आपल्याकडे ती फारशी खपली नाही.

महाराष्ट्र: चारही चाकांचं माहेर

ही येती आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात जोडली जायची. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती मुंबईत. आजची थार नाशिकला बनते. आणि पुण्याजवळच्या रांजणगावातून २०१७ पासून जीप कंपास बाहेर पडू लागली, ती ऑस्ट्रेलिया, जपान आणि ब्रिटनपर्यंत पोहोचली. तिच्या फोर बाय फोर मॉडेलची खुबी अशी, की गरज नसेल तेव्हा मागचा अ‍ॅक्सल सुटा होतो आणि इंधन वाचतं.

४२ लिटरचा हिशेब

ग्रँड व्हिटारा बाजारात आली तेव्हा मॅन्युअल गिअरच्या साध्या मॉडेलचं प्रमाणित मायलेज लिटरला २१.११ किलोमीटर होतं, एडब्ल्यूडीचं १९.३८. कागदावर फरक पावणेदोन किलोमीटरांचाही नाही. पण १०,००० किलोमीटर गाडी चालली की तोच फरक सुमारे ४२ लिटर पेट्रोलचा होतो. ‘एआरएआयचं मायलेज’ असं देशभर ज्या संस्थेच्या नावाने म्हणतात, ती १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्यात आहे, आणि तिच्या टेकडीवर पुणेकर रोज सकाळी शून्य इंधनात फिरायला जातात.

टायर बदलायचे तर चारही

एक टायर नवा आणि तीन झिजलेले, अशी जोडी एडब्ल्यूडीला मानवत नाही. नव्या आणि जुन्या टायरच्या घेरात फरक असतो, चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मधल्या क्लचवर सतत ताण येतो. म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि शक्यतो एकदमच बदलायचे. गाडी बंद पडली, तर दोन चाकं उचलून टोइंग करू देऊ नका. सपाट ट्रकवरच चढवा.

पाण्याला चार चाकांचं कौतुक नाही

तुंबलेल्या रस्त्यात एडब्ल्यूडीचा उपयोग नाही. इंजिनात हवा घेणाऱ्या नळीतून पाणी शिरलं की खेळ संपला. बंद पडलेली गाडी तिथेच पुन्हा स्टार्ट करू नका, आतले कनेक्टिंग रॉड वाकतात. विमा काढताना इंजिन प्रोटेक्टची जोड घ्या. आणि वाळूत रुबाब करायला जाऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे, आणि भरती मोड बघून येत नाही.

चाकांआधी तारे मोजा

१ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडीच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या, चाचण्या लागू आहेत. त्यात मोठ्यांचे गुण ३२ पैकी आणि मुलांचे ४९ पैकी वेगवेगळे मोजतात. घरात लहान मूल असेल तर दुसरा आकडा आधी बघा. एडब्ल्यूडी देणाऱ्या मारुती व्हिक्टोरिसला या चाचणीत पाच तारे आहेत. १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालआसनाशिवाय बसवलं तर १,००० रुपये दंड आहे, हेही आजोबांना सांगा. नातवाला मांडीवर घेण्याचा हट्ट त्यांचाच असतो.

मग घ्यायची की नाही?

टेस्ट ड्राइव्हला अख्खं घर न्या. आजीला चढउतार करून बघू द्या. सर्वांत उंच माणसाला मागे मधोमध बसवा, शाफ्टचा उंचवटा पायांत येतो का ते तोच सांगेल. डिकीत घरची खरी बॅग ठेवून बघा.

गावच्या घराची शेवटची चढण पावसाळ्यात कच्ची असेल, किंवा शेतावर नेहमी जाणं असेल, तर एडब्ल्यूडीचे पैसे पहिल्याच श्रावणात वसूल. वर्षातून एकदा मनालीला बर्फ बघायचा असेल, तर तिथली टॅक्सी करा, घाटातला ड्रायव्हर तुमच्यापेक्षा बरा. आणि दोन्ही नसेल, तर तेच पैसे उत्तम टायर, जादा एअरबॅगचं मॉडेल आणि मुलाची चांगली सीट यांत घाला. त्यांचा उपयोग बाराही महिने होतो.